बिनपाण्याने

(तकोरादी बंदर, ‘देव बघतोय सलून’)

बसा साहेब. खुर्ची डावीकडे कलते,
तिला सवय झालीय, तुम्हीही करून घ्या.
फडका धुतलेला आहे. साबण वाढला,
म्हणजे भाव वाढला, वडी लहान झाली.
भिंतीवर बारा डोकी रंगवलीत, नंबर सांगा.
सात? अर्थखात्यातले सगळे सातच मागतात.

कसं ओळखलं?
गळ्यातला पट्टा खिशात सरकवलात,
आरशात दिसलं.

मी क्वाकू अंतोबाम. अंतोबाम म्हणजे
बाप गेल्यावर जन्मलेला.
बंदरावर कोकोची पोती मोजायचा तो,
मला बघायला थांबला नाही,
दुकानदाराच्या वहीत तेवढी एक ओळ ठेवून गेला.
आईने मासे तळून तळून ती फेडली.
शेवटचं नाणं दिलं त्या दिवशी
दुकानदाराने ओळीवर आडवी रेघ मारली
आणि तिला बसायला स्टूल दिलं.
कर्ज म्हटलं की मला ती रेघ आठवते.

मान खाली.

रेडिओवर सांगत होते,
रोखे घेतलेल्यांना ‘हेअरकट’ सोसावा लागेल.
माझा वस्तरा थांबला. म्हटलं, मंत्रालयाने
आमचा धंदा कधीपासून धरला?
गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो,
दुपारी बँकेत जाईपर्यंत.

अकरा वर्षांची डोकी होती ती.
रोजची दोन बाजूला,
माझ्या आराबाच्या नर्सिंगसाठी.
बँकेतला पोरगा म्हणाला होता, सरकारी कागद आहे,
सरकार काय पळून जातंय?
नाहीच पळालं.
जागच्या जागी आहे, झेंड्यासकट, गाड्यांसकट.
फक्त कागद बदलून दिला:
यंदाचे पैसे आता २०३८ साली,
व्याज निम्म्याहून कमी,
आणि तळाशी छापलेलं, ‘स्वेच्छेने’.
मी सही केली.
पेन बँकेचं होतं, दोरीने बांधलेलं.

मी कुणाच्याही गालाला
आधी पाणी लावतो, साहेब.
तुम्ही कोरडीच उरकलीत.

उद्या विमान आहे ना? परदेशी सावकारांपुढे बसायचं,
तर डोकं नीट हवंच.
मागायला जाताना माणसाने टापटीप जावं.
तुमची मान किती छान झुकते,
त्यांना आवडेल.

...गेली.
वीज गेली. हलू नका.
वीजकंपनीकडे गॅसवाल्याचे थकलेत,
वीजकंपनीचे सरकारकडे,
सरकारचे कुणाकडे, ते तुम्हीच जाणे.
तोवर तुम्ही डावीकडून सात नंबर
आणि उजवीकडून आहात तसेच.
पोरं डोकावतायत. हसू द्या.

खोटं कशाला बोलू,
गेला महिनाभर अंथरुणात हेच घोळवत होतो:
असा कुणी आला की अर्धंच करायचं,
चिठ्ठी द्यायची हातात,
उरलेलं २०३८ साली. स्वेच्छेने.
आराबाला सांगितलं, ती हसली नाही.
मोबाइलच्या टपरीत बसते हल्ली,
दिवसभर दुसऱ्यांचे पैसे
इकडून तिकडे पाठवते.

बसा, बसा, उठताय कुठे असे?
कात्री आहे. तिला कुणाची थकबाकी लागत नाही.
दार उघडं ठेवतो, तेवढा उजेड पुरे.
वेळ लागेल.
अर्धं डोकं सोडून द्यायला
हात तयारच होत नाही. खोड आहे.
शिकलो असतो थोडं जास्त, तर कदाचित...
कान सांभाळा.

झालं. मागे आरसा धरतो, बघा.
पंधरा सेडी. हो, ख्रिसमसला दहाच होते.
वीस दिलेत? थांबा,
शेजारच्या केंकेवालीकडून सुटे आणतो.
नको काय, थांबा.
तुमचे पाच आहेत,
आज, आत्ता,
घेऊनच जा.