पायथ्याशी

माघ सरला तरी मुखरूमामाची घोंगडी सुटत नाही.
"हिव गेलं कुठं?" म्हणतो,
"दडून बसलं आहे, माह्या गुडघ्यात."

अंतकलामामी वाद घालत नाही.
टोपलं घेऊन बोडीच्या पाळीवर जाते,
खाली पडलेली तेवढीच पळसफुलं वेचते.
झाडावरची पाखरांची, असं तिचं गणित.

रात्रभर फुलं गुंडात भिजतात.
सकाळी पाणी हळदीच्या नवरदेवासारखं पिवळं,
आणि मामा न्हाणीपाशी उभा,
शाळेत नाव घालायला धरून आणलेल्या पोरासारखा.

टाचांच्या भेगांत जवसाचं तेल.
पाठीवर कोमट तांब्या,
एक,
मग बऱ्याच वेळानं दुसरा.
"घाई नोका करू," मामी म्हणते,
"हिवालेबी उंबरठा ओलांडाले येळ लागते,
तुमी त म्हातारे."

दुपारी घोंगडी वलनीवर दिसली.
वाऱ्यानं तिला उचलून पाहिलं, जड लागली, सोडून दिली.
मामा उन्हात बसून
कडुनिंबाची तांबूस पालवी चावत होता,
तोंड वाकडं करत, तरी चावत.

दिवेलागणीला त्यानंच ती आत आणली.
झटकली. घडी घातली.
खाटेच्या पायथ्याशी ठेवली,
हात पोचेल अशी.

पहाटे मामीनं पाहिलं,
घडी तशीच होती.