कितीला पडली

दुसऱ्या आठवड्यात रमणभाईने फाटकाशीच अडवलं.
पपई दाबून बघतात तसा अंगठ्याने टायर दाबला
आणि म्हणाला, "केटलामां पडी, बेन?"

इथल्या दोन्ही भाषांत वस्तू पडतातच.
जणू मी खाली ओंजळ धरून उभी होते
आणि वरून कुणीतरी सोडून दिली
आठ गियरची, शेवाळी रंगाची सायकल.

"दोनदा पडली," मी म्हटलं.
"एकदा काळाघोड्यापाशी, रिक्षा आडवी आली म्हणून.
एकदा विश्वामित्रीच्या पुलावर,
मगर दिसतेय का बघायला वाकले होते.
माझं कोपर सोललं. तिला काही झालं नाही."

तो पोटभर हसला. फाटक मात्र उघडलं नाही.
"ए बराबर. पण केटलामां?"

तिथून सुरू झालं.
रमणभाईला सहा हजार. त्याचा पगार मला माहीत आहे.
दमयंतीबेनना नऊ,
सहा म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत
त्यांच्या हर्षिलसाठी दारात तशीच दुसरी आली असती.
पुण्याच्या भाऊजींना सांगितलं, ऑफिसने दिली.
ऑफिस म्हणजे सरकारी रक्तपेढी.
सव्वीस वर्षांत तिने मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं,
तेही मागे पडतं.
सासूबाईंना म्हटलं, जुनीच आहे, हप्त्यावर घेतली.
त्यांनी घंटीकडे पाहिलं,
घंटीत दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं,
आणि वरणाला फोडणी द्यायला आत गेल्या.

वाण्याच्या वहीत, शेवटच्या पानावर,
कुणाला किती, ते लिहून ठेवलंय.
उधारी एक वेळ विसरली तर चालते,
खोट्याचा हिशोब चोख लागतो.
परवा लिफ्टचं दार उघडलं
तर आत सहा हजार आणि नऊ हजार शेजारी शेजारी उभे,
माझ्याकडे बघून हसले.
मी जिन्याने गेले. चार मजले.

खरा आकडा सांगायची लाज नाही.
पैसे माझे, रात्रपाळीचे,
दुसऱ्यांच्या रक्ताच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या डकवून मिळवलेले.
पण खऱ्या आकड्याच्या पाठीला पाठ लावून
बाकीचे उभेच असतात:
एवढ्यात तर स्कूटी आली असती.
गुडघे बरे आहेत ना?
यशवंतरावांना चालतं?
हे सगळे मात्र फुकटात पडतात.

रावपुऱ्यात कनुभाई पंक्चर काढतात.
त्यांनी मागचं चाक उचललं, फिरवलं,
डोळे मिटून त्याची टिकटिक ऐकली,
डॉक्टर पाठीला नळी लावून ऐकतो तशी.
"सरस छे," म्हणाले.
मी आकडा जिभेवर घेऊन उभी होते,
खरा, शेवटच्या रुपयापर्यंत.
त्यांनी फक्त पंक्चरचे तीस रुपये मागितले.
घरी येईपर्यंत तो आकडा तोंडात तसाच,
सुपारीच्या खांडासारखा.

आणि काल सकाळी कमाटी बागेच्या फाटकाशी
उकडलेल्या शेंगा विकणारी मंगू.
तिच्या कानात नवे काप होते,
मान हलवली की गालावर उन्हाचा ठिपका हलायचा.
"छान आहेत गं," मी म्हटलं, आणि दात मिटायच्या आत
बाहेर पडलंच:
"कितीला पडले?"

तिने माप शेंगांत खुपसलं.
मध्ये एक श्वास गेला, छोटासा.
तो श्वास मी ओळखते,
मीही तो लिफ्टपाशी, फाटकापाशी, ओट्यापाशी घेते.
"दोनशे," ती म्हणाली. "खोटा छे, बेन."
"हो का? अगदी खऱ्यासारखे दिसतात."

मग तिने सायकलकडे हनुवटी केली. "अने आ?"
"आठशे," मी म्हटलं. "जुनी आहे."

तिने अगदी गंभीरपणे मान डोलावली,
पुडी बांधता बांधता थांबली,
आणि वरून चार शेंगा जास्त टाकल्या.