सोहार, पॅनल नंबर सात

कुंजुमोन स्टोअरमधून दोन रिले घेऊन आला.
दोन्ही काळे, दोन्ही चाळीस अँपिअरचे,
धूळही सारखीच.

एक, लाट शून्यावर आली की मगच दार उघडतो.
दुसरा, म्हणशील त्या क्षणी.
हीटर मुळात मंद, त्याला कसली घाई.
दोन सेकंदांची खिडकी, त्यात साठ टक्के चालू:
पहिला पुरे.
सेकंदाला हजार वेळा उघडझाप हवी असती
तर दोघेही परत पाठवले असते.

चाळीस लिहिलंय ते थंड खोलीतलं.
इथे ऑगस्टात पॅनल उघडलं
की तव्याची झळ तोंडावर.
वीसच धर, म्हटलं,
हीट सिंक मोठं घे, पेस्ट पातळ पसर.

जुना कॉन्टॅक्टर काढला.
नऊ वर्षं त्याच्या खटखटीवर रात्रपाळी केली,
डुलकीतही मोजायचो.
आता नुसता लाल ठिपका,
लागतो, विझतो,
आणि मशीन चालू आहे की नाही
ते वाकून बघावं लागतं.

बंद करून टेस्टर लावला. दिवा मिणमिणला.
"खराब?" कुंजुमोन दचकला.
नाही रे, स्वभावच तसा.
बंद असला तरी थोडं झिरपतंच.
मेन पाड, मग हात घाल.

खिशात फोन दोनदा थरथरून थांबला.
साडेतीन.
गुहागरला पाच वाजले असतील.