सतरावी पातळी

रविवारी उद्यमबागेतल्या भट्ट्या थंड.
पॅटर्न-शॉपच्या माळ्यावर आम्ही पाचजण,
सागवानाचा भुसा झटकून टेबल पुसलेलं,
नकाशाच्या चारी कोपऱ्यांवर नट ठेवलेले,
पंख्यानं राज्य उडू नये म्हणून.

सहा वर्षं झाली या खेळाला.
पहिल्या दिवशी फिरदौसचा भालेकरी
विहिरीतल्या बेडकाच्या हातून मेला
आणि दोन दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं.
सोपं होतं तेव्हा माझं काम:
एक फुगलेली नदी, एक कुलूप घातलेलं दार,
झाली की संध्याकाळ.

आता दार म्हटलं की लविना हसते.
तिची जादूगारीण भिंतीतून जाते,
एका शब्दात हजार कोस.
बसूचा पुजारी मेलेल्याला उठवतो,
एक हिरा ठेवायचा, पावती फाडल्यासारखं.
नदी आडवी घातली तर कल्लाप्पा विचारतो,
"कुठं वाहू म्हणून सांगू तिला?"
महिनाभर रचलेला माझा भुयारी किल्ला
चहा यायच्या आत संपला.

मग मी मोठा ड्रॅगन आणला.
मग त्याहून मोठा.
मग दोन.
आकडे नुसते लांबत गेले
आणि फिरदौस फासा टाकता टाकता
मोबाइल बघायला लागली.

त्या मंगळवारी पंपाच्या बॉडीचं पॅटर्न तासत होतो.
होनगेकर मिस्त्री आठवले, त्यांची ती खरबरीत बोटं:
लोखंड थंड होताना आकसतंय,
मीटरला दहा मिलीमीटर जास्त धर.
आणि पॅटर्न वाळूतनं काढून घे बाबा,
रस लाकडात ओतत नाहीत,
लाकूड गेल्यावर उरतंय त्यात ओततात.

उरतंय त्यात.
वही काढली, आणि सगळे किल्ले खोडले.

पुढच्या रविवारी टेबलावर एवढंच:
एक उतार. दोन्ही तीरांवर दोन राज्यं.
मधे जकातनाक्याची म्हातारी, मेलेली.
चाळीस वर्षं तिनं
इकडची भांडणं तिकडच्या भाषेत सांगितली,
तिकडच्या शिव्या इकडं सांगताना जरा गाळून.
आता दोघांनाही ती परत हवी.
आपल्याच काठावर. आपल्याच भाषेत उठलेली.
फौजा चुली पेटवून बसल्यात.

बसूनं हिरा पुढं सरकवला.
अर्ध्यात थांबला.
"कुठल्या काठावर उठवू?"
मी म्हटलं, मला काय माहीत.
खरंच माहीत नव्हतं.

कल्लाप्पा म्हणाला, नदीच हलवतो.
लविना म्हणाली, नदीबरोबर भांडण पण हलतंय की रे.
फिरदौस म्हणाली, दोन्ही फौजा जाळून टाकते,
माझ्याकडे आहे तेवढी आग,
आणि मग स्वतःच गप्प झाली.
बसू पुटपुटला, ईग येन माडूदु,
लविना कोकणीत काहीतरी, स्वतःशीच,
आणि कुणी कुणाला भाषांतर मागितलं नाही.

तीन तास.
एकही फासा पडला नाही.
चहावर साय धरली.
खाली कुठंतरी वॉचमन रेडिओवर कन्नड बातम्या लावून झोपला होता.

शेवटी बसू म्हणाला,
आत्म्याची संमती लागते, नियमच आहे,
आधी तिलाच विचारूया,
यायचं आहे का तुला?

चौघं माझ्याकडे बघायला लागले.
म्हणजे म्हातारी मीच होतो.
मी तोंड उघडलं,
आणि वहीत त्या ओळीपुढं काहीच लिहिलेलं नव्हतं,
नुसती दाबून बसवलेली वाळू
आणि आत म्हातारीएवढी पोकळी.

"पुढच्या रविवारी सांगतो," म्हटलं.
"पुढच्या रविवारी भट्टी आहे," कल्लाप्पा म्हणाला,
"हुबळीची ऑर्डर."

फिरदौस नट गोळा करत होती.
नकाशाची कड वाऱ्यानं उचलली गेली.
"मग तिला थांबायला सांग," ती म्हणाली,
"आणि फौजांना पण."