दोरीची लांबी

"तो काही करत नाही हो,"
नेहमीसारखं म्हणून टाकलं मी,
तोवर भिरंड त्यांच्या चुलीपाशी,
शेपटीने पेजेचं भांडं कलंडलेलं.

शेजारच्या तंबूतली मुलगी
बापाच्या खांद्यावर चढली होती.
बापाने बाही वर सारली फक्त.
दंडावर चार दातांचे जुने वण.
"हाही काही करत नव्हता."

मग दोरी. सुरूच्या बुंध्याला दोन वेढे,
शेवट माझ्या मनगटाला.
पोळ्यांच्या वाळूत खेकडा हलला की तो उठायचा,
तो उठला की मी,
भुंकायच्या आत हात जबड्याखाली.
झोप काय, पणजीला परतल्यावर.

पहाटे कुस्तोदची माणसं रापण ओढायला येतील,
अनवाणी.
त्याआधी विजेरी घेऊन दोघेही
वाळू धुंडाळत फिरलो,
तो त्याच्या कारणाने, मी माझ्या.
पिशवीला गाठ मारली.
भरतीच्या भरवशावर काही सोडलं नाही.

उजाडलं तेव्हा मुलगी
दोरीच्या लांबीहून एक पाऊल पलीकडे
उभी. मोजून.
"नाव काय त्याचं?"
सांगितलं. आंबट तोंड करून हसली.
पाऊल तिथंच.

भिरंड बसून राहिला.
मीही.