ठिकाण क्रमांक चार

सित्रा बेटाच्या पूर्वेला, सकाळी पावणेसहा.
कुंजुमोन होडी थांबवतो, मी बाटली सोडते.
दोन वाव पाणी. वर येतं ते
नासलेल्या दुधासारखं.
ड्रेजर रात्रभर खोकत होता,
अजून थांबला नाही.
आचऱ्याच्या खाडीत भांगाच्या दिवसांत
गाळ बसतो, पाणी निवळतं.
आज इथेही भांगच आहे.

मंजुरीपत्र, अट सोळा:
लिटरमागे तीस मिलिग्रॅमहून अधिक गाळ तरंगता कामा नये.
आज एकशे बारा.
पिवळा गाळपडदा तळाशी फाटलाय,
हे मला माहीत, ड्रेजरला माहीत,
आणि खालच्या गवताला,
गिरणीवाल्याच्या भुवयांसारखं जे पांढरं पडलंय.

हाजी मक्की धक्क्यावर भेटतो. त्याचा हद्रा,
ओहोटीला मासे अडवणारा, बाणाच्या टोकासारखा कूड,
आजोबांच्या नावे नोंदलेला:
किनाऱ्यापासून चारशे पावलं, समुद्रात.
गेल्या हिवाळ्यात किनाराच लॉऱ्यांत बसून आला
आणि कूड कोरड्यात उभा राहिला.
कार्यालयाचं पत्र: सापळा समुद्रात नाही,
सबब परवाना रद्द.
हे तो हसत सांगतो. मग विचारतो,
"तुझ्या नकाशात किनारा कुठे आहे, बिंती?"

माझ्या नकाशात तीन आहेत.
एक जुना, तुटक रेषेचा.
एक आजचा.
आणि एक निळसर,
ज्यावर आत्ताच घरांचे क्रमांक आहेत.

तो क्रेनखाली बोट दाखवतो.
तिथे खाऱ्या पाण्याच्या पोटात गोडा झरा होता.
त्याचा बाप पखाल घेऊन बुडी मारायचा,
समुद्राच्या तळातून प्यायचं पाणी आणायचा.
अहवालात झऱ्याला रकाना नव्हता,
मी 'इतर'मध्ये लिहिला.
दुसऱ्या खर्ड्यात 'इतर' हा रकाना नव्हता.

अकराला फोन: ठिकाण चार
तीनशे मीटर पूर्वेला घ्या, तिथे आकडा बरा येतो.
नियमात बसतं का, मी विचारलं.
बसतं.
कुंजुमोन माझ्याकडे बघत राहिला,
त्याने इंजिन लगेच सुरू केलं नाही.

नांगर मीच उचलला.
नव्या जागी अठ्ठावीस.
बाटलीवर 'चार' लिहिलं, तारीख, सही.

सकाळची बाटली कुणी मागितली नाही.
ती खोलीवर आणली, खिडकीत ठेवली.
आज तिसरा दिवस.
वर बोटभर पाणी निवळलंय,
खालचं अजून बसायला तयार नाही.