दोन डाव्या

उमाकांतनं लिलावात नाव घेतली
आणि मला सांगितलं तीन दिवसांनी,
मी मेथी निवडत असताना.
सोळा फुटी, फायबरची, नाव ‘टिटवी’,
पानशेतच्या काठावर आठ वर्षं ताडपत्रीखाली.
इंजिन तो बघणार. आतली बैठक माझ्याकडे,
कारण मी एकदा, सत्याऐंशी साली,
पडद्यांना झालर लावली होती.

गाद्या टेम्पोतून वडगावला आल्या.
वॉचमननं वहीत लिहिलं : ‘गादी, नग दोन, ओली.’
शेवाळाचा वास, रॉकेलचा,
आणि कुणाच्या तरी जुन्या सुट्टीचा.

पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसले.
पेचकस, पक्कड, चष्मा.
एका गादीला दोनशे बारा पिना.
बोटं दुखायला लागली की माणूस मोजायला लागतो.

रेक्झिन निघालं, फोमचा भुगा निघाला,
खाली प्लायवुडवर पेन्सिलीनं :
‘डावी. सादिक. ९-४-९१.’
कोण हा, माहीत नाही.
पण त्याची शिवण उसवताना कळलं,
दर कोपऱ्यात त्यानं मागे येऊन पुन्हा टाके घातलेत,
जिथं कुणीच कधी बघणार नव्हतं.

भवानी पेठेत मुर्तझाभाई म्हणाले,
बोट? पाण्यातली?
मग चहा सांगितला.
सुती धागा नको बाई, ओलाव्यात कुजतो,
आधी शिवण जाते आणि लोक कापडाला शिव्या देतात.
आणि टाचणी अजिबात नको.
साडीचं भोक भरून येतं,
रेक्झिन काही विसरत नाही.
चिमटे लावा. कपडे वाळत घालायचे.

म्हणून आठवडाभर आमचे कपडे दोरीवर नुसते लोंबकळले,
दोन बनियन खालच्या मजल्यावर गेले,
आणि मी पावाच्या सुरीनं फोम कापत राहिले.
नावेत काटकोन नसतो.
सगळं निमुळतं होत टोकाकडे जातं.
पट्टी आणि गुण्या घेऊन जन्म काढलेल्या बाईला
हे एकोणसाठाव्या वर्षी समजलं.

जुनं कापड कागदावर ठेवलं, रेघ मारली.
कागद रेक्झिनवर ठेवला, रेघ मारली.
कागद सरकवला, पुन्हा ठेवला, पुन्हा रेघ.
निळं रेक्झिन, पांढरी पायपिंग, अठरा नंबरची सुई.
तीन सुया मोडल्या. चौथीनं ऐकलं.

रविवारी पानशेत.
डावी गादी जागेवर गेली
ती दारात अडलेली मांजर आत शिरावी तशी.
दुसरी उजवीकडे टेकवली.
निमुळतं टोक भिंतीत, रुंद अंग वाटेत.
फिरवली. पुन्हा फिरवली.
मग हात थांबले :
कागद सरकवला होता,
उलटा करायचा होता.

पालथी घातली तर बसली, अगदी चपखल.
फक्त चेन आकाशाकडे
आणि पोट वर, मेलेल्या माशासारखं.

उमाकांत काही बोलला नाही.
एकतीस वर्षांत हे त्याला दुसऱ्यांदा जमलं.

मंगळवारी पुन्हा भवानी पेठ.
मुर्तझाभाईंनी मला बघितलं, मीटरपट्टी उचलली :
दोन डाव्या झाल्या ना?
त्याच ताग्यातलं दोन मीटर
त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवलं होतं.
मग तेव्हाच का नाही सांगितलंत?
सांगितलं असतं तर, म्हणाले,
तुम्ही माझं ऐकून कापलं असतं.
त्याचा राग यायला मला स्वारगेटपर्यंत वेळ लागला
आणि जायला सिंहगड रोडचा अर्धा सिग्नल.

तिसरी झाली. कोपऱ्यात मागे येऊन
पुन्हा टाके घातले. विचारू नका का.
शेवटची पिन मारायच्या आधी प्लायवुडवर लिहिलं :
‘उजवी. दुसऱ्या खेपेला. सुनेत्रा.’
तारीख घातली नाही, पेन्सिलीचं टोक मोडलं.

इंजिन अजून चालू झालेलं नाही.
तो त्याचा विषय.

उरलेली डावी गॅलरीत आहे.
निमुळती, निळी, कुठल्याच कोपऱ्यात बसत नाही.
मी बसते तिच्यावर,
संध्याकाळी, किंचित डावीकडे कलून.